बरकूजीच्या मडक्यातली राख

नाताळ उरकला की आमच्या घरी जुनी शिंदी येऊ लागे. आमच्या भागात नारळ होत नाही, त्यामुळे झावळ्यांच्या रविवारी आमची मंडळी शिंदीची पानं हातात धरत, देवळात त्यांच्यावर आशीर्वाद घेत आणि घरी नेऊन त्यांचे लहान लहान क्रूस विणून येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवत. वर्षभरात ते वाळून जात, त्यांच्यावर चुलीचा धूर बसे, पाली अंडी घालत. मग ते आमच्याकडे यायचे, कारण माझे बाबा गावातल्या ख्रिस्ती मंडळींचे मास्तर होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हे. फादर गोंदियाहून येत, आगगाडीने आमगावपर्यंत आणि पुढे सायकलने. ते नसतील तेव्हा प्रार्थना चालवणं, पोरांना धर्म शिकवणं, मेलेल्याला पुरणं ही बाबांची कामं. राखेच्या बुधवारी लोकांच्या कपाळाला लावायची राख करणं हेही त्यांचंच काम होतं. मी आमगावच्या कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा ते त्यांनी माझ्यावर सोपवलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला असा काही मान द्यावा, असं त्यांना वाटलं असेल.

कामात अवघड काही नव्हतं. सगळी शिंदी लोखंडी घमेल्यात जाळायची, खलात कुटायची, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची. मग बाबा त्या काळ्या पुडीत थोडं तिळाचं तेल घालून ती कालवत. राख पाण्यात कालवू नये, हे त्यांना त्यांच्या आधीच्या मास्तरांनी सांगितलं होतं. का, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपासकाळात आमचं घर शांत होई. आई मांस-मटण बंद करी, पण ते एरवीही फारसं नसे, त्यामुळे बंद झालेलं कळावं म्हणून ती गूळही बंद करी. सकाळी आंबील, दुपारी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण, संध्याकाळी तेच, फक्त गार. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली असत आणि त्यांचा गोड, जड वास नको तेव्हा नाकात शिरे. देवळाची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता. गँगमन असलेल्या अंतोनकाकांनी तो आणून चिंचेला टांगला होता आणि एका मोठ्या बोल्टने तो बडवायचा. आवाज आमगावच्या स्टेशनावरच्या घंटीसारखाच यायचा. नवीन आलेला माणूस हमखास गाडी कुठे आहे म्हणून विचारी.

त्या वर्षी थंडी फार होती. सकाळी आंघोळीचं पाणी तापवणं माझ्याकडे होतं आणि लाकडं ओली होती. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी यायचं आणि कॉलेजची वेळ व्हायची. शिंदीची पेंढी न्हाणीच्या आडोशाला टांगलेली होती. वाळलेली शिंदी काडी दाखवताच पेटते. एक क्रूस घेतला तर काय होणार आहे, असा विचार मी पहिल्या दिवशी केला. दुसऱ्या दिवशी तोच विचार पुन्हा करायची गरज पडली नाही. महिनाभरात मी गावातल्या तेरा घरांच्या तसबिरीमागचे सगळे क्रूस जाळून रोज कढत पाण्याने आंघोळ केली. आता माझ्याकडे गिझर आहे. त्याचं बटण दाबण्याआधी मी अजूनही मागे वळून पाहतो.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले, "दान्या, राख काढून ठेव." मी न्हाणीकडे गेलो. न्हाणीच्या चुलीतली राख तरी असेल, शिंदी तिच्यातच जळली आहे, तर अगदीच खोटं होणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण चूल सारवलेली होती. आईने सगळी राख वांग्यांवर टाकली होती, किडीसाठी. घरातल्या चुलीजवळ आई बसली होती. तिथून राख घेतली असती तर तिने विचारलं असतं.

आमच्या शेजारी बरकूजी वरठी राहत. वरठी म्हणजे परीट. त्यांच्या ओसरीत कपड्यांच्या भट्टीसाठी लागणाऱ्या राखेचं मडकं असे. राख गाळलेली, मऊ, पीठ शोभेल अशी. बरकूजी घाटावर गेले होते. मी वाटीभर राख काढली. ती पांढुरकी होती, म्हणून कंदिलाच्या काचेवरची काजळी खरवडून तिच्यात मिसळली. पुडी बाबांच्या नजरेस पडू नये म्हणून मीच ती कालवली, आणि तेलाची बाटली आईजवळ होती म्हणून पाण्यात. तो लेप बाबांच्या राखेपेक्षा काळा आणि तुकतुकीत झाला होता. मला थोडा अभिमानही वाटला, हे लिहून ठेवलं पाहिजे.

बरकूजी त्या राखेत चुना आणि सोडा घालत, कपड्यांचा मळ सुटावा म्हणून. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, एवढीच माझ्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

बुधवारी सकाळी फादरांनी अंगठ्याने सगळ्यांच्या कपाळावर क्रूस काढले. मला दहा वाजता कॉलेजात जायचं होतं आणि वर्गातली पोरं हसतील म्हणून मी देवळामागच्या विहिरीवर लगेच कपाळ धुतलं. लाजरस नावाचा एक माणूस होता, तो उठल्यापासून प्यायलेला असे. त्याने घाम पुसता पुसता राखही बाहीने पुसून टाकली. बाकीच्यांनी दिवसभर राख ठेवली, कारण ती ठेवायची असते. संध्याकाळी मी सायकलने परत आलो तेव्हा आई बाबांच्या कपाळाला लोणी लावत होती. क्रूसाच्या जागी कातडी लाल होऊन फुगली होती. शेजारच्या घरातही तेच होतं, त्याच्या पुढच्या घरातही. फादर रात्रीच्या गाडीने जायचे होते. त्यांनी अंगठा ओल्या फडक्यात गुंडाळला होता.

"मास्टर, राख किसकी थी?" त्यांनी विचारलं. ते केरळचे होते आणि आमच्याशी हिंदीत बोलत.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "शिंदीच जाळली ना रे?"

"हो," मी म्हणालो.

बाबांनी आयुष्यात माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नाही, ही माझी मोठी अडचण होती. शिंदीचीच राख, आशीर्वाद दिलेली, आणि तरी कपाळं भाजली, म्हणजे हे काम देवाचं आहे, असं त्यांच्या सरळ डोक्याने ठरवलं. फादर म्हणत राहिले की काही तरी औषधी प्रकार असेल, पाण्याने धुवा, मनात काही आणू नका. ते गेल्यावर बाबांनी लोकांना सांगितलं, "देवानं निशाणी केली. ज्याचं त्यानं आपल्या मनात पाहावं." लोकांनी आपल्या मनात थोडा वेळ पाहिलं आणि मग एकमेकांच्या कपाळाकडे पाहू लागले. ज्याचा डाग मोठा त्याचं पाप मोठं, हा हिशेब दोन दिवसांत पक्का झाला. एकाने भावाची बळकावलेली धानाची बांधी परत दिली. दोन जावा सहा वर्षांनी बोलल्या. सबंध मंडळीत कोरी कपाळं दोनच होती, लाजरसचं आणि माझं. लाजरसने त्यावर आठवडाभर फुकट दारू मिळवली. माझ्याबद्दल बाबांनी फादरांना चिठ्ठी लिहिली की पोराला फादर करायला सेमिनरीत घ्यावं.

सर्वांत वाईट डाग सुशीलाचा होता. सुशीला म्हणजे अंतोनकाकांची मुलगी, माझ्याच वयाची. तिने राख तीन दिवस ठेवली होती. दुखत होतं तरी धुतली नाही, कारण तिच्या आईला ताप येत होता आणि सुशीलाने तो उपास आईसाठी धरला होता. डाग भुवयांच्या मध्यापासून केसांपर्यंत गेला आणि पिकला. उपासकाळाच्या दुसऱ्या रविवारी तिला पाहायला राजनांदगावहून मंडळी येणार होती. मुलगा एका दवाखान्यात कंपाउंडर होता. आधी तो एकटा येऊन भेटून गेला होता, त्याला ती आवडली होती. आता त्याची मावशी आली. सुशीला पदर कपाळावर ओढून चहा घेऊन बाहेर आली. मावशीने तो पदर मागे केला.

"ये क्या है माथे पे?"

अंतोनकाका म्हणाले, "राख से हुआ. सबको हुआ."

"सबको इतना हुआ?"

अंतोनकाकांनी चहाची बशी पुढे सरकवली. आमच्याच मंडळींपैकी कुणीतरी निरोप द्यायला स्टेशनपर्यंत गेलं आणि वाटेत मावशीला डागाचा अर्थ सांगितला. ईस्टरनंतर खबर धाडू, असं सांगून मावशी गेली. त्यामुळे माझ्या हातात ईस्टरपर्यंतचा वेळ होता. वेळ नव्हता असं मला म्हणता येत नाही.

उपासकाळात प्रत्येकाने पापनिवेदन करायचं असतं. आमच्या देवळात त्यासाठी वेगळी खोली नव्हती, कोपऱ्यात एक बांबूचा टट्टा उभा केला होता. पलीकडे फादर, अलीकडे आपण. पुढच्या शुक्रवारी मी गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं, आंघोळीपासून.

"तो राख किसकी थी?"

"बरकूजीच्या मडक्यातली."

"बरकूजी कौन?"

"वरठी. धोबी."

टट्टा हलू लागला. फादर खोकत असावेत असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, ते हसत होते, आणि हसू आवरायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते अगदी हळू म्हणाले, "उस लड़की को मालूम है?"

"नाही."

"पहले उसके घर जाओ. उसको बताओ, उसके पिताजी को बताओ. उसके बाद आओ. क्षमा मैं तभी दूँगा."

टट्ट्याआड ऐकलेलं फादर बाहेर कुणालाही सांगू शकत नाहीत. हा नियम लोकांच्या भल्यासाठी आहे. त्यांच्या अंगठ्याची साल निघून गेली होती, राख कशाची हे जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि ते माझ्या बापाला देवाच्या निशाणीवर बोलताना ऐकत गप्प उभे राहत.

मी सुशीलाकडे गेलो. शनिवारची दुपार होती. ती अंगणात मोहाची फुलं पसरत होती, कपाळाला फडकं बांधलेलं. अंतोनकाका लाइनवर गेले होते.

"काऊन आलास गा?"

मी म्हणालो, "घंटेचा बोल्ट हरवला. काकापाशी एखादा असंन त पाहाले आलो." बोल्ट हरवला नव्हता.

तिने आतून बोल्ट आणून दिला, पाणीही दिलं. मी पाणी पीत असताना ती माझ्या कपाळाकडे पाहत होती.

"तुले त काहीच नाही झालं ना."

"नाही."

"कसा वागते रे तू?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच शिकायचं होतं. "सकाळी उठून कोणती प्रार्थना म्हणते, ते सांग ना मले. मी पाहून पाहून थकली. माह्यं काय चुकलं, ते काही सापडून नाही राहिलं."

मी तिला एक प्रार्थना सांगितली. तिने ती दोनदा म्हणून पाठ केली. मग मी बोल्ट घेऊन घरी आलो.

शुक्रवारी फादरांनी देवळाच्या दारात मला एकट्याला गाठलं. "गए थे?"

"गेलो होतो."

"और?"

"पाणी प्यालो."

त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेची प्रार्थना चालू असताना, ते येशूच्या मरणवाटेच्या चौदाही चित्रांपाशी थांबून आधी चित्राकडे आणि मग माझ्याकडे पाहत. ईस्टर झाला. आठवड्याने राजनांदगावहून कार्ड आलं. अंतोनकाकांनी ते वाचून घ्यायला बाबांकडे आणलं आणि बाबांनी ते मला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं की मुलाच्या मनात सध्या लग्नाचा विचार नाही. मी ते मोठ्याने वाचलं.

सेमिनरी मी टाळली. पाटबंधारे खात्यात लागलो, चोरखमाऱ्याच्या तलावावर बरीच वर्षं पाण्याची पातळी लिहिली. ती मी नेहमी खरी लिहिली. गोंदियात घर बांधलं, लग्न केलं, मुलं झाली, बायको गेली. रविवारी मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, मागच्या बाकावर बसत आलो, पापनिवेदनाला मात्र पुन्हा गेलो नाही, कारण आधीचंच अर्धं राहिलं होतं. बायकोला वाटे मला गुडघ्यांचा त्रास आहे. बाबा कपाळावरचा फिकट डाग घेऊन वारले आणि जाण्याआधी त्यांनी त्या डागावर माझा हात ठेवून घेतला, पोराला निशाणी मिळाली नाही तर निदान स्पर्श तरी व्हावा म्हणून. त्या वेळीही मी बोललो नाही.

यंदा राखेच्या बुधवारी रांगेत उभा असताना पाय आखडला आणि मागच्या मुलाने मला खुर्ची आणून दिली. राख लावायला फादर खुर्चीपर्यंत आले. बसल्या बसल्या लक्षात आलं की आता फार रांगा उरलेल्या नाहीत. पुढच्या सोमवारी मी सकाळच्या गाडीने आमगावला गेलो आणि तिथून ऑटोने गावात.

सुशीलाने लग्न केलं नाही, हे मला माहीत होतं. अंगणवाडीत मदतनीस होती, आता देवळाच्या किल्ल्या तिच्याकडे असतात. ती ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होती. कपाळावर सुरकुत्या आहेत आणि त्यांच्या मधून एक पांढुरकी रेघ उभी जाते. तिथे सुरकुत्या पडलेल्या नाहीत.

"कोण होय?"

"दान्या."

"कोणता दान्या?"

"जोसेफ मास्तरचा."

"अजून हायेस?" ती म्हणाली आणि सूप जरा सरकवून मला जागा दिली.

मी सांगितलं. रेल्वेत बसून मी बरंच जुळवून ठेवलं होतं, पण ते सगळं चार-पाच वाक्यांत संपलं. तिचे हात डाळीत चालूच होते.

"म्हंजे वरठ्याची राख."

"हो."

"चुन्याची."

"चुना आणि सोडा."

तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. "मले वाटे, देव होय." आणखी एक खडा काढून म्हणाली, "दर उपासकाळात फादरपाशी एक एक पाप सांगतलं मी. हे असंन, ते असंन म्हणून. मामाच्या घरचा गूळ चोरला होता, तो सांगतला. मायसंग भांडली, ते सांगतलं. माहे सरले त शेजारणीचे सांगतले. मंग एका सालात वाटलं, ते लगन मोडावं असं माह्याच मनात असंन. त तेई सांगतलं."

"होतं का मनात?"

"नव्हतं. मले तो पोरगा पसंत होता."

ती डाळ निवडत राहिली. सूप रिकामं झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. "तवा सांगतलं असतंस त?"

"लग्न झालं असतं."

"हो. झालं असतं." मग ती म्हणाली, "शुक्रवारी फादर येते. आता मी त्याले काय सांगू?"

तिने सूप झटकून भिंतीला उभं केलं.

"शुक्रवारी ये," ती म्हणाली. "पयले तू जाय आत."

शुक्रवारी मी गेलो. देऊळ आता स्लॅबचं आहे आणि पापनिवेदनाला प्लायवूडची जाळी आहे. फादर माझ्या नातवाच्या वयाचे.

"आख़िरी पापनिवेदन कब किया था?"

"कॉलेजात असताना."

मग मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, त्या बाईंना सांगितलं का. हो म्हणालो. त्यांनी पापक्षमेचे शब्द म्हटले आणि प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा नमो मरिया म्हणायला सांगितलं.

"एवढंच?"

"काका, पीछे लाइन है."

मागे लाइन होती, म्हणजे सुशीला होती. ती आत गेली. मी बाकावर बसून तीन प्रार्थना म्हटल्या, मग आणखी तीन म्हटल्या, आणि ती आली नाही म्हणून पुन्हा सुरुवात केली. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"त्याले सांगतलं का दान्याले मी माफ केलं नाही," ती समोर पाहत म्हणाली. "तो म्हणते, हे पाप होय."

"मग?"

"मंग काय. होयच पाप. इतके वर्सं धुंडलं, एकही आपलं नाही निघालं. हे खरं निघालं."

"क्षमा दिली त्यांनी?"

"नाही. पयले मनातून माफ कर म्हणते, मंग ये म्हणते. म्या म्हणलं, होऊन नाही राहिलं. उगाच तोंडानं कायले म्हणू." तिने कनवटीच्या किल्ल्या काढल्या. "ईस्टरच्या आंदी होते का पाहाते. तू पुढच्या शुक्रवारी ये. तू समोर नसलास त कोणाले माफ करू?"

त्यानंतर मी दर शुक्रवारी गेलो. बाबांची गोष्ट तिला सांगितली, बोल्टची सांगितली, तिला शिकवलेली प्रार्थना मी स्वतः कधी म्हणत नव्हतो हेही सांगितलं. ती चहा देते, सगळं ऐकून घेते आणि दर वेळी विचार करून सांगते की अजून नाही. आता ईस्टरच्या आधी एक शुक्रवार उरला आहे.